गाड्याची रुंदी

जाहिरात मी तीनदा लिहिली.

पहिल्यांदा लिहिलं: गुणी, शांत,
रंग पिकल्या बोंडूसारखा, म्हणून नावही बोंडू.
मागच्या पायांचं लिहिलंच नाही.
औषधांच्या दुकानात, केळ्यांच्या ओळीतल्या खांबावर
चिकटवून आले,
आणि लोक आले,
माझ्या शिलाई-मशीनखाली वाकून म्हणाले,
"हा उठत का नाही?"

दुसऱ्यांदा सगळं लिहिलं.
चोर्ल्याच्या वळणावर दुधाचा टेम्पो,
कंबरेपासून मागे काही नाही.
धुळेरच्या आंतोनने सायकलचे सुटे भाग जोडून
दोन चाकांचा गाडा केलाय, त्यावर पळतो.
दिवसातून तीनदा मूत दाबून काढावं लागतं,
पहाटे चारला, दुपारी, निजताना.
चुकलं की ताप.
मग कुणीच आलं नाही.

नाही, आले.
पर्वरीचं एक जोडपं आलं. बाईंनी डोळे पुसले, फोटो काढले,
पाचशेची नोट कात्रीखाली ठेवून गेल्या.
थिवीचे काजूबागायतदार म्हणाले, "राखणीला चालेल?"
मी म्हटलं, चालेल हा शब्द
इथे जरा जपून वापरा.
हरमलहून हिल्डे आली, सलग तीन दिवस येऊन
त्याच्या कानात तिच्या भाषेत काहीबाही सांगत बसली.
व्हिसा एप्रिलपर्यंत.
एप्रिलपर्यंतचं घर नको, मी म्हटलं,
आणि रात्रभर बोटांवर मोजत राहिले,
एप्रिल म्हणजे पाच महिने होते.

घरमालक कायतान वाईट माणूस नव्हे.
नाक आहे त्याला, एवढंच.
म्हणाला, नाताळापर्यंत बघ.

तिसऱ्यांदा लिहिताना शाई संपत आली होती.
"कुत्रा. मागचे पाय नाहीत असं धरा. माणूस हवं."

दुर्पदा शुक्रवारच्या बाजाराला
आगरवाड्याहून मीठ घेऊन येते.
तिने बोंडूकडे पाहिलं, गाड्याकडे जास्त वेळ पाहिलं.
आजार नाही विचारला, वय नाही, बरा होणार का तेही नाही.
"गाड्याची रुंदाय कितली गो?"

चाळीस वर्षं मी छाती, कंबर, बाही मोजतेय,
हे कधी मोजलं नव्हतं.
टेप लावली, सव्वा सोळा इंच.
इंचांवर तिचा विश्वास नव्हता.
माझ्या केरसुणीतला एक हीर उपसला,
चाकाला चाक लावून तेवढा मोडला,
अंबाड्यात खोचला आणि गेली.

पुढच्या शुक्रवारी सांगितलं,
मिठागराच्या सगळ्या मेरांवरून जातो,
एकच अरुंद आहे,
ती ह्या खेपेला चिखल काढताना रुंद करू.
आणि चाकं गंजणार,
आंतोनला म्हणावं प्लॅस्टिकची दे.

रिकाम्या गोणींच्या टेम्पोत तो चढला,
म्हणजे आम्ही चढवला.
जुन्या जीनच्या दोन झोळ्या शिवून दिल्या सोबत.
त्याने मागे वळून वगैरे पाहिलं नाही,
गोण्या चाटत होता.

पहाटे चारला मला अजून जाग येते.
तिसऱ्या पहाटे फोन वाजला.
"दाबतां. पूण रिकामी जाली तें कळटा कशें?"

अंधारात मी माझी बोटं हवेत धरली.
काय सांगायचं.
आधी लागते ती टच्च बिंबल, म्हटलं,
आणि शेवटी
रस पिळून झालेल्या बोंडूचा चोथा.
ओढायचं नाही, वाट बघायची.

"बरें," ती म्हणाली. फोन खाली ठेवला असावा मेरेवर.
मानशीतून पाणी शिरत होतं कुठेतरी,
टिटवी ओरडली.
मग चिखलावर धार.
आम्ही दोघी ऐकत राहिलो.
"इतकें?" तिकडून हसू आलं.
अजून आहे, म्हटलं,
हात काढू नकोस.